हळदीच्या दिवशीची थप्पड

माझ्या मुलाच्या हळदीच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, अंगभर हळद लागलेल्या त्या नवऱ्यामुलाच्या मी दोन मुस्काटात मारल्या. एक सुलट्या हाताची, एक उलट्या. मग त्याचं बनियन धरून त्याला मागच्या पत्र्याच्या खोलीत ढकललं, वर घोंगडी टाकली आणि बाहेरून कुलूप लावलं. मला वाटलं, ढोसून आलाय. तो प्यायला नव्हता. तो मरत होता. दोन्हींत माणूस झोकांड्या खातो, एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

आता माझी नात शाळेत जाते आणि मैत्रिणींना सांगते, 'माझ्या आजीने डीजे फोडला होता.' खरं आहे, फोडला होता. पण पोरगी गोष्ट शेवटाकडून सांगते. मी पहिल्यापासून सांगते.

तेव्हाची मी म्हणजे एक नग होते. पन्नाशीला टेकलेली, नाकात नथ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंडाआधी हात चालायचा. टीव्हीला मुंग्या आल्या की मी टीव्हीला मारायची. मिक्सर अडला की मिक्सरला. पोराला तर त्याने काही करायच्या आधीच एक द्यायची, म्हणजे पुढे वेळ वाचतो. घरचे मला टरकून असायचे आणि मला वाटायचं, काय मान आहे आपल्याला! माझा नवरा गरीब गाय. तो माझ्याशी बोलताना एक पाय दाराबाहेर ठेवून बोलायचा.

माझं माहेर माजिवड्याचं. सासर डोंबिवलीकडच्या मानपाड्याच्या पुढचं, आगऱ्यांचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना भातशेती होती, आणि उन्हाळ्यात सगळं गाव दुपारभर दार लोटून पडलेलं असायचं. सकाळी दहानंतर बांधावर माणूस दिसायचा नाही, दिसायचा तो ऊन कलल्यावर. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे. मग शेतं विकली गेली, टॉवर उभे राहिले, आणि आमचं गावठाण त्यांच्या मधोमध खड्ड्यासारखं राहिलं. वारा वरच्या मजल्यावाल्यांना, धग आम्हाला. दुपारची झोपही गेली. कंपनीची पाळी दुपारची, टेम्पोची फेरी दुपारची, आणि रात्री दहाला डीजे बंद करायचा म्हणून हळदसुद्धा दुपारची. अंग मात्र जुनंच राहिलं. त्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, आता दुपारी पण चालायचंय.

आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. लग्नाला मोजके लोक आले तरी चालतील, हळदीला गाव लोटलं पाहिजे. मेचा महिना होता. आणि ऐन हळदीच्या सकाळी माहेरून निरोप आला, माझा भाऊ रुसलाय. पत्रिकेत मामाचं नाव काकांच्या खाली छापलंय, तो येणार नाही.

मामाशिवाय लग्न? माझं डोकं फिरलं. पोराला हाक मारली. तो रात्रभर मांडवात जागलेला, हळद लागेपर्यंत उपास म्हणून पोटात नुसता चहा.

"जा, बाईक काढ. मामाच्या पाया पड नि घेऊन ये."

"आये, फोन कर ना. एवढ्या उन्हाचा..."

"मामाला काय फोनवर आणतात? तू काय रिक्षा बोलावतोस का?"

"आज मना गावाबाहेर जायाचा नसतं ना?"

"हळद लागल्यावर नसतं. अजून लागली कुठं?"

असे सगळे नियम मला तोंडपाठ होते, आणि ते कुठे वाकवायचे तेही. पोरगा गेला. शिळफाट्याच्या कोंडीतून, डोक्याला हेल्मेट, दोन्ही बाजूंना ट्रक. माजिवड्याला मामाने त्याला ओट्यावर बराच वेळ उभा ठेवला, मग पाया पडून घेतलं, मग कपडे बदलले. परतताना पुढे बाईकवर नवरामुलगा आणि मागे गारेगार एसी गाडीत मामा-मामी, अशी वरात भर दुपारी आमच्या दारात आली. मी ओवाळलं कुणाला? मामाला.

पोराला तसाच चौरंगावर बसवला. मांडवाला वर प्लास्टिक, त्याखाली रंगीत कापड, आणि व्हिडिओवाल्याचे दिवे भर दिवसा पेटलेले. वाऱ्याला आत यायला फट नाही. बायका येत होत्या, हळद थापत होत्या, तेल चोपडत होत्या, गाणी म्हणत होत्या. त्याने एकदा मला खुणावलं.

"आये, डोका फुटतंय."

"लग्न तुझं आणि डोकं तुझंच फुटतंय? माझं बघ जरा."

बायका खिदळल्या. मला विनोद केल्याचा आनंद झाला. त्याने पाणी मागितलं तर त्याची आत्या म्हणाली, "आता पानी पिशील नि मंग उठशील. हलदीवरनं उठतात का?" मी मान डोलावली. त्याला घाम येत नव्हता, हे कुणी पाहिलं नाही. हळदीखाली काय दिसणार?

थोड्या वेळाने तो हसायला लागला. एकटाच. मामाला म्हणाला, "साहेब, गेट उघडा." मामीला म्हणाला, "गाडी मागं घ्या." मग उभा राहिला, हळदीचं ताट लाथेने उडवलं, मामीला धक्का दिला आणि खांबाला मिठी मारली. सगळा मांडव हसला. "चढली रे नवऱ्याला!" डीजेवाल्याने आवाज वाढवला. मुलीकडचे चार लोक उष्टी हळद न्यायला आलेले होते, त्यांनी मोबाइल वर केले.

त्या मोबाइलांनी माझा घात केला. पोराला काय होतंय यापेक्षा तो कुठल्या कोनातून दिसतोय याची मला काळजी. मी पदर खोचला, गेले, आणि दिल्या दोन.

माझ्या तळहाताला सणसणीत चटका बसला.

आणि मी शहाणी काय समजले? की काय जोर आहे माझ्या हातात!

मागच्या पत्र्याच्या खोलीत पूर्वी पेंढा ठेवायचो, आता भंगार. मेच्या दुपारी तिथे अंडं फोडून ठेवलं असतं तर शिजलं असतं. मी पोराला तिथे घातलं, आणि घाम आला की उतरते म्हणून वर घोंगडी. त्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला. मी झटकला. कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि मागच्या परसात आले. तिथे मोठ्या चुलींवर मटण रटरटत होतं.

तिथे माझी मोठी जाऊ बसली होती. निळ्या प्लास्टिकच्या टबात बर्फाच्या लाद्या, लाद्यांवर कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणि कोलंबीच्या पिशव्या, आणि शेजारी ती पाठ करून कोलंबी सोलत.

तिच्याबद्दल सांगायला हवं. ती विधवा, म्हणून मांडवात नाही, मागे. तिचं घर आमच्या घराला भिंत लावून, आणि आमच्यात कित्येक वर्षं शब्द नाही. तिचा नवरा, माझे थोरले दीर, कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर ट्रकमध्ये विटा भरायचे. प्यायचे, हे गावाला ठाऊक. एका उन्हाळ्यात भट्टीवरून चालत घरी येताना ते गावच्या वाटेवर पडले. लोक आले, लोक गेले. प्यायलाय, म्हणाले, उतरेल तेव्हा उठेल. मी स्वतः डोक्यावर हंडा घेऊन तिथून गेले. हंडा पाण्याने भरलेला. मी पदर नाकाला लावला आणि वळसा घालून गेले, वर बडबडले, "दिवसाढवळ्या लाज नाही."

त्या दिवशी त्यांनी घेतलेली नव्हती. जाऊ सगळ्यांना तेच सांगत होती, त्यांचा उपास होता म्हणून. संध्याकाळी त्यांना उचललं तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटची आंघोळ घालतानाही त्यांचं अंग निवलेलं नव्हतं, असं बायका कुजबुजत होत्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची थांबली. मीही म्हटलं, नको बोलूस. काय मिजास!

तर मी परसात आले, हात वर करून चुलीवरच्या बायकांना दाखवला.

"अशी दिलीय, अशी दिलीय! बघा, अजून हात चुरचुरतोय."

जावेचे हात थांबले. ती वळली.

"तुझा हात तापलाय का त्याचा गाल?"

इतक्या वर्षांनी ती माझ्याशी बोलली आणि मला राग आला, ही बया माझ्या पोराच्या हळदीत तोंड घालते म्हणून.

"तुला काय करायचंय?"

"कुठं हाय तो?"

"झोपलाय. उतरेल."

उतरेल हा शब्द ऐकला आणि तिचा चेहराच बदलला. हातातली कोलंबी टाकून ती उठली. कोपऱ्यात हळद कांडायचं मुसळ होतं, त्याला आंब्याचा डहाळा बांधलेला, कुंकू लावलेलं. ते तिने उचललं आणि खोलीकडे निघाली.

आता ऐका माझी अक्कल. मुलगा कसा आहे, हे माझ्या डोक्यात नाही. डोक्यात काय, तर ही विधवा, आणि हळद लागलेल्या नवऱ्यामुलाला शिवणार! मी धावले आणि मागून तिचा अंबाडा धरला. तिने मुसळ मागे हाणलं, ते माझ्या बरगडीत बसलं. मी तिचा दंड चावले. दात इतके रुतले की तोंडात रक्ताची चव आली. तिने माझी नथ ओढली. नाकपुडी फाटली, आणि अजून फाटकीच आहे, नात त्यात बोट घालून विचारते, इथे काय होतं? आम्ही दोघी परसातल्या राखेत लोळलो. पातेलं कलंडलं, रस्सा वाहत गेला, बायका ओरडत होत्या, "अगं सोडा, सोडा," पण मध्ये कुणी पडेना, कारण मध्ये पडणाऱ्याला मी आधी मारते हे सगळ्यांना माहीत होतं.

"हात लावू नको त्याला, अपशकुनी!"

"तो मेला तं कोनाला शकुन लावशील गो? कोनाला?"

तिने माझ्या तोंडावर राख मारली. मी डोळे चोळतेय तोवर तिने मुसळाने कडी ठोकली. एकदा, दोनदा. कडी कोयंड्यासकट निघून पत्र्यावर आपटली. मी तिच्या पाठीवर बसून तिला मारत होते आणि ती मला घेऊनच आत शिरली.

आत तो घोंगडीखाली हलत होता. मला वाटलं, झोपेत. तिने घोंगडी ओढली. त्याचे हातपाय झटके देत होते, टाचा जमिनीवर आपटून सोलल्या होत्या. डोळे वर गेलेले, नुसते पांढरे. तोंडाला फेस. अंगावरची हळद वाळून चिखलासारखी तडकली होती, आणि फटींतून लाल कातडी दिसत होती. मी त्याच्या कपाळाला हात लावला. मी रोज तव्यावरची भाकरी हाताने उलटते. तरी हात मागे घेतला.

तेव्हा कळलं. गालाचा चटका माझ्या जोराचा नव्हता.

मग मी ओरडले का, रडले का, मला आठवत नाही. जावेने त्याला पायांना धरून बाहेर ओढला. मी डोकं धरलं. ती म्हणाली, "टबात." कोल्ड्रिंकच्या बाटल्या तिने लाथेने उडवल्या, काचा फुटल्या, तिच्या पायातून रक्त आलं. आम्ही त्याला उचलून कोलंबीच्या बर्फात घातला. बर्फाचे तुकडे मुसळाने फोडून काखेत, मानेला, जांघेत लावले. बर्फ विरघळत होता, आणि पाण्यावर हळद आणि कोलंबीची टरफलं तरंगत होती. मी सारखी म्हणत होते, "बाला, बाला," आणि तो ओळख देत नव्हता. मी त्याला हाक मारतेय आणि तो बघत नाहीय असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. माझ्या एका हाकेला तो शाळेतून पळत यायचा. भीतीनेच यायचा, पण यायचा.

एवढ्यात मामा आला. हातात पाण्याचा ग्लास. "करणी केलीय कोनीतरी, तोंडात पानी घाला आधी." बेशुद्ध पोराच्या तोंडात तो ग्लास ओतायला लागला. जावेने फटका मारून ग्लास उडवला. "घशात अरकेल त्याच्या!" मामाने तिला पांढऱ्या पायाची म्हटलं आणि चप्पल काढली. ज्या भावासाठी मी पोराला उन्हात पिटाळलं होतं, तो हा भाऊ. मटणाच्या पातेल्यातला झारा माझ्या हाताशी होता. मी त्याच्या तोंडावर असा हाणला की पुढचा दात अर्धा तुटला आणि तो रश्श्यात बसला. तो अजून अर्धाच आहे. दरवर्षी भाऊबीजेला मी ओवाळते तेव्हा तो मुद्दाम हसून दाखवतो.

नवऱ्याने टेम्पो आणला. पोराला टबासकट टेम्पोत चढवला. आणि गल्लीच्या तोंडाशी डीजेची गाडी आडवी. भिंतीएवढे स्पीकर, पुढे पोरं नाचतायत, आमच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नाही. नवरा हात जोडून ओरडत होता, "गाडी काढा हो, गाडी काढा," आणि त्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येत नव्हता. डीजेवाला कानाला हेडफोन लावून मान हलवत होता. मी मुसळ घेतलं. पहिला घाव त्याच्या मशीनवर, दुसरा दिव्यांवर, तिसरा तो उडी मारून पळाला म्हणून हवेत. एकदम शांतता झाली. त्या शांततेत सगळ्यांना माझा अवतार दिसला: नाकातून रक्त, तोंडाला राख, केस सुटलेले, हातात कुंकू लावलेलं मुसळ. गर्दी अशी फाटली की टेम्पोला वाट मागावी लागली नाही.

डोंबिवलीच्या दवाखान्यापर्यंत मी आणि जाऊ टबाच्या दोन बाजूंना बसून होतो. ती बर्फ फोडायची, मी लावायची. खड्ड्यात टेम्पो उडाला की पाणी आमच्या अंगावर. एकदा बर्फ संपत आला तेव्हा तिने आपला पदर भिजवून त्याच्या छातीवर टाकला आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागली. तिच्या दंडावर माझ्या दातांचा गोल दिसत होता, सुजून निळा पडलेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी पोराला बघितलं, मग आम्हाला.

"याला मारामारीत लागलंय का?"

"नाय, मारामारी आमची झाली," मी म्हटलं. "त्याला ऊन लागलंय."

"आणि हा वास?"

"कोलंबीचा."

त्या हसल्या नाहीत. आत नेलं, सुया लावल्या, दार बंद केलं. बाहेर येऊन म्हणाल्या, किडन्यांवर ताण आलाय, मेंदूचं आत्ता काही सांगता येत नाही, शुद्धीवर आला की कळेल. मग म्हणाल्या, "बर्फात घातलंत म्हणून इथवर आला. कोठडीत अजून थोडा वेळ ठेवला असतात तर माझ्याकडे आणायची गरज नव्हती." कोठडीचं त्यांना कुणी सांगितलं? नवऱ्याने. एक पाय दाराबाहेर ठेवून.

तो शुद्धीवर येईपर्यंत मी त्या दाराबाहेर फरशीवर बसून होते. कुणी चहा आणला तर घेतला नाही. माझा उजवा हात मी सारखा मांडीखाली दाबून धरत होते, जसा काही तो सुटून पुन्हा कुणाला मारेल. आत त्याने डोळे उघडले तर तो मला ओळखेल का, आणि ओळखलं तर काय म्हणेल, एवढंच डोक्यात. शेवटी आत बोलावलं. ओठ फुटलेले, गालावर माझी बोटं अजून उमटलेली. त्याने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं.

"आये," तो म्हणाला, "मामा आला का?"

मी भिंतीला डोकं लावून रडले. मुसळाने बरगडीला तडा गेलेला होता, त्यामुळे रडायचंही नीट जमेना.

लग्न मोडेल असं सगळे म्हणत होते. मुलगी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली. हातावर मेंदी, अंगावर साधा ड्रेस. त्याच्याजवळ बसली, त्याचा ताप बघितला, मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, तुम्ही नेहमी विचारायच्या आधी मारता का?"

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग मला आधीच सांगून ठेवते. मी उलट मारते."

त्याच क्षणी मी ठरवलं, सून हीच. तिने आजवर हात उचललेला नाही, पण तयारी ठेवून आहे.

लग्न थंडीवर ढकललं. मधल्या दिवसांत आमच्या घरात पुष्कळ बदललं. पत्र्याची खोली पाडली. घराच्या स्लॅबवर मी आणि नवऱ्याने चुना मारला, उन्हाळ्यात त्यावर गोणपाटं पसरून भिजवतो. मेच्या दुपारी आमचं दार पुन्हा बंद असतं, जुन्यासारखं. कुणी पत्रिका घेऊन आला तरी संध्याकाळी ये म्हणून आतूनच सांगते. दारात माठ, ताकात मीठ, आणि लघवीचा रंग कसा आहे हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतकं उघड विचारते की सुनेला लाज वाटते. गावातल्या हळदी आता बहुतेक ऊन उतरल्यावर लागतात. सगळ्या नाही. काहींना अजून दुपारीच नाचायचं असतं. तिथे मी आमंत्रण नसलं तरी जाते आणि बर्फाचा टब कुठे आहे ते आधी बघते. मला बघितलं की डीजेवाले मशीनवर हात ठेवून उभे राहतात.

मागच्या उन्हाळ्यात एका मांडवात एक माणूस पडला. भोवती पोरं हसत होती, "काका आऊट!" मी आणि जाऊ दोन बाजूंनी घुसलो. त्याच्या मानेला हात लावला. गार होती, घामेजलेली. आणि तोंडाचा वास असा की मलाच चढली. तो खरंच प्यायला होता. तरी आम्ही त्याला सावलीत ओढून कुशीवर वळवला, आणि तो शुद्धीत येईपर्यंत जाऊ त्याच्या उशाशी बसून राहिली. पोरं म्हणाली, "काकी, दारुड्याची कसली सेवा?" तिने त्यांना पाणी आणायला पिटाळलं.

पण मला त्या थंडीतल्या हळदीचं सांगायचंय. तेव्हा मी ठरवलं होतं की पहिली हळद जावेच्या हातून. सगळ्या गावासमोर. तोंड वेंगाडणाऱ्यांसाठी झारा तयार ठेवला होता. मी तिला बोलवायला मागे गेले. ती तिच्या जागी बसली होती, कोलंबी सोलत. त्या टेम्पोतल्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलत असे, पण कामापुरतं. मीठ दे, सरक, पाणी आलं.

"चल," मी म्हटलं, "पहिली हलद तू लाव."

"मना हौस नाय."

"मान देतेय तुला."

"मान ठेव तुझ्या नथीत," ती म्हणाली, आणि माझ्या फाटक्या नाकपुडीकडे बघून पहिल्यांदा थोडंसं हसली.

मी तिच्याशेजारी फतकल मारून बसले. बाहेर बायकांची गाणी सुरू झाली होती. मला खूप काही बोलायचं होतं. त्या हंड्याबद्दल, त्या वळशाबद्दल. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर स्वतःचीच रड. मी उजवा हात तिच्यासमोर धरला.

"हा हात तोडून टाकावासा वाटतो बघ मला. मरणाऱ्या पोराला मारलं मी या हाताने."

तिने कोलंबी सोलणं थांबवलं. ओल्या हाताने माझा तळहात उलटा करून पाहिला, जसा काही चटक्याचा डाग अजून शोधत होती. मग तो माझ्या मांडीवर ठेवून दिला आणि म्हणाली,

"नको तोरू. तू निदान मारायला तरी हात लावलास गो. माझ्या मानसाला तं कोनी मारायला पन हात नाय लावला."